आतली बाजू नसलेला कोट

क्लूनवारा, डोनेगल
१७ जानेवारी १९८४

चि. ब्रोना,

आशीर्वाद. तुझ्या हाती पडेपर्यंत ते ओले झाले असतील. आमचा पोस्टमन सायकलवरून येतो आणि पाऊस त्याच्या आधी पोचलेला असतो.

तुमच्या महाविद्यालयातल्या बाईंनी शेवटच्या वर्षाला ‘केल्ट, नॉर्स आणि जर्मन लोककथांवरून वस्त्रे’ असा विषय दिला आहे आणि मे महिन्यात त्याचं प्रदर्शन आहे, हे वाचलं. बाईंच्या धाडसाचं कौतुक वाटलं. तीन मुलखांची भुतंखेतं एका पिशवीत कोंबली की पिशवीतच हाणामारी व्हायची. नॉर्स लोकांकडून तू पिसांची शाल घेतलीस, जी पांघरली की बाई ससाणा होऊन उडते. जर्मनांकडून ती सूत कातणारी म्हातारी घेतलीस, नाताळच्या बारा दिवसांत जी चरख्याला हात लावणाऱ्या पोरींचं सूत गुंतवून ठेवते. निवड चांगली आहे. मी बॉनला संस्कृत शिकत होतो तेव्हा माझी घरमालकीण त्या म्हातारीच्या धाकाने बारा दिवस साधं बटणही लावून देत नसे. सहा जानेवारीपर्यंत मी कोट मुठीत आवळून वर्गात बसे. धातुरूपं पाठ आणि छाती उघडी.

आता आपल्या खोऱ्यातलं काय घ्यावं, हा तुझा प्रश्न. चकवा लागला, पायाखालच्या शेतात वाट सापडेनाशी झाली, तर अंगातला कोट उलटा करून घालायचा, असं आई सांगायची, असं तू लिहितेस. खरंच कुणी करतं का?

करतात. गेल्या गुरुवारी तुझ्या आईने केला.

घरामागचं तिकोनी शेत तुझ्या ओळखीचं आहे. त्याला फाटक एक, गाय एक, आणि हरवण्याजोगी जागा शून्य. दुपारी दोनला ती गाय बघायला म्हणून गेली. चारला मी शोधायला निघालो. शेतात धुकं दुधासारखं साचलं होतं आणि ती कुंपणाच्या कडेकडेने चालत होती. फाटकावरून दोनदा गेली, फाटक तिला दिसलं नाही. मी हाक मारणार एवढ्यात थांबली, कोट काढला, अस्तर बाहेर करून पुन्हा घातला आणि सरळ येऊन फाटकाची कडी काढली.

“केव्हापासून उभा आहेस?” तिने विचारलं.

“तू हरवलीस तेव्हापासून.”

“मी हरवले नव्हते. चकवा लागला होता. दोन्हींत फरक आहे. तू शिकलेला आहेस, तुला नाही कळायचा.”

चहा घेताना म्हणाली, कुंपण संपतच नव्हतं. किनार न आलेल्या कापडासारखं पुढे पुढे उलगडत होतं. भीती नाही वाटली. गवत इतकं मऊ होतं की पाऊल टेकलं की नाही ते कळेना, आणि फार दुरून कुणी विणत असल्यासारखी टकटक येत होती. टेकडीखालच्या त्या अदृश्य भल्या माणसांच्या मुलखात असंच वाटतं म्हणे. (त्यांना नावाने हाक मारायची नाही, हे तू डब्लिनमध्ये विसरली नसशील.) मी म्हटलं, हूडी बॉयलचा हातमाग असेल, पाव मैलावर तर आहे. “हूडी गुरुवारी मासळी आणायला जातो,” ती म्हणाली. हे खरं आहे.

तुला यातलं काही कळवायचं नाही, अशी तिची ताकीद होती. पण तू लोककथा विचारलीस आणि मी लोककथा कळवतो आहे. घरची बातमी देत नाही.

तुझा
कॉनलमामा


डब्लिन
२९ जानेवारी

मामा,

तुझं पत्र मी आमच्या खोलीत मोठ्याने वाचलं. सगळ्या पोरी शिवायच्या थांबल्या. बाई म्हणाल्या, पिसं कुणीही चिकटवेल, हा कोट मात्र तुझ्याच घरचा आहे, प्रदर्शनाचा मुख्य कपडा हाच कर.

तर मला सगळं हवंय. आधी कुठली बाही काढली, डावी की उजवी? अस्तराचा रंग कोणता? उलटा घातल्यावर बटणं लावली का? आईला म्हणावं, पुन्हा चकवा लागला तर घाई करू नकोस, नीट बघून ठेव, मी वहीत उतरवून घेणार आहे. किनार न आलेलं कापड! हे तिला कसं सुचतं रे? आम्ही इथे चार वर्षं फी भरून असं एक वाक्य काढू शकलो नाही.

हूडीकाकांना सांग, साडेचार वार ट्वीड हवं. आपल्या दलदलीचा रंग, मधे कुठे कुठे दगडफुलात रंगवलेला तांबूस धागा. आणि यंत्रमागावरचं घ्यायचं का, असं मी विचारलंय, एवढं नुसतं त्यांच्या कानावर घाल. काय म्हणतात ते शब्दशः कळव.

ब्रोना


क्लूनवारा
१२ फेब्रुवारी

चि. ब्रोना,

हूडी जे म्हणाला ते शब्दशः कळवलं तर पोस्टखातं पाकीट परत करील. कापड मागावर चढलं आहे.

लोहाराला सुई आणि कढई एकदमच करायला सांगितली तर तो आधी सुई करून मोकळा होतो. सूचीकटाहन्याय म्हणतात त्याला. तुझे प्रश्न ही सुई आहे. आधी डावी बाही. अस्तर करडं, कोपराशी ठिगळ. बटणं लावली नाहीत.

आता कढई.

त्या धुक्यातल्या गुरुवारची ती पहिली वेळ नव्हती. चौथी होती. त्यानंतर आणखी दोनदा झालं, आणि दोन्ही दिवशी धुकं नव्हतं, लख्ख ऊन होतं. त्यातलं परवाचं तर घरातच झालं. जिन्याच्या मधल्या पायरीवर उभी राहून तिने स्वेटर उलटा केला आणि मग खाली आली. रविवारी प्रार्थनेला कोट उलटाच घालून गेली. पुढच्या बाकावरच्या बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. मी त्यांच्याकडे ज्या नजरेने बघितलं ती मी एरवी परीक्षेत नक्कल करणाऱ्यांसाठी राखून ठेवतो.

लेटरकेनीच्या डॉक्टरकडे नेलं. त्याने एक लांबलचक नाव सांगितलं. अर्थ एवढाच, की तुझी आई वाट विसरते आहे, आणि वर्ष-दोन वर्षांत माणसंही विसरू लागेल. तिने ऐकून घेतलं आणि बाहेर आल्यावर मला म्हणाली, “मे महिन्यापर्यंत पोरीला सांगायचं नाही. शपथ घे.” मी घेतली. आज मोडतो आहे, कारण ‘नीट बघून ठेव’ हा तुझा निरोप मी तिला वाचून दाखवला आणि ती मान हलवून म्हणाली, “हो, ठेवीन.” त्यानंतर तुला अंधारात ठेवणं मला जमेना.

ती फार काही मागत नाही. बाहेर पडलं की आपलं आपण घरी पोचता यावं, कुणी हाताला धरून आणू नये, एवढंच. आणि कोट उलटा केला की ती पोचते. आजवर सहापैकी सहा वेळा. का पोचते ते मला विचारू नकोस. माझ्याकडे चार भाषांतलं ज्ञान आहे आणि चारींत याचं उत्तर नाही.

फोन करू नकोस. पोस्टातल्या फोनवर बोलतेस तू आणि ऐकतं गाव.

मामा


डब्लिन
१६ फेब्रुवारी

मामा,

मी तिला नीट बघून ठेव म्हणाले. लोककथा म्हणून वाचली. सगळ्या पोरींना वाचून दाखवली. तू पण ना, मामा. तुझ्या त्या विनोदाच्या मागे काय उभं आहे ते कळायला माणसाने काय करायचं?

मी येते. प्रदर्शन गेलं खड्ड्यात.

(नंतर.) आईचं कार्ड आजच आलं. तू शपथ मोडलीस हे तिला कळलेलं दिसतंय. “इथे येऊन माझ्याकडे बघत बसू नकोस. तिथे बसून माझा कोट शिव,” एवढंच लिहिलंय. अक्षर तेच आहे, फक्त पत्ता दोनदा लिहिलाय.

म्हणून बसते. पण आता हा कोट प्रदर्शनासाठी नाही.

ब्रोना


डब्लिन
१६ एप्रिल

मामा,

पार्सल पाठवतेय, ईस्टरच्या आत पोचेल.

दोन महिने झोपेतही शिवत होते. मला पुढच्या बाकावरच्या त्या बायकाच दिसायच्या. तेव्हा असा कोट करायचा ठरवला की आई कशीही घालू दे, कुणाला कोपर मारायला जागाच राहू नये. याला उलटी बाजू नाही. अस्तर नाहीच, दोन्हीकडे हूडीकाकांचं ट्वीड. शिवणी आतल्या आत मिटवल्या आहेत, टाका कुठे दिसणार नाही. खिसे दोन्हीकडे, बटणं दोन्हीकडे, कॉलर दोन्हीकडून तेवढीच बसते. बाईंनी भिंग लावून बघितला आणि म्हणाल्या, बावीस वर्षांत माझ्या हाताखाली एवढं सफाईचं काम झालेलं नाही.

प्रदर्शनाच्या आठवड्यापुरता परत पाठव. तोवर आईने वापरायचा. तिला म्हणावं, आता खुशाल चकवा लागू दे.

ब्रोना


क्लूनवारा
२९ एप्रिल

चि. ब्रोना,

कोट शनिवारी पोचला. टेबलावर पसरून मी बराच वेळ बघत होतो. उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही, तसं वाटलं. देहलीदीपन्यायाचं इतकं गरम उदाहरण मी पाहिलं नव्हतं. रविवारी तुझी आई तो घालून प्रार्थनेला गेली, पुढच्या बाकावर बसली, आणि कोपरं जागच्या जागी राहिली. मी तुझ्या वतीने मिजास केली.

हे मुद्दाम आधी लिहिलं. कारण पुढचं लिहिणं जिवावर येतं आहे.

बुधवारी ती शेतात गेली. ऊन होतं, दलदलीतल्या कापूसगवताला नुकतीच बोंडं आली आहेत, सगळं शेत वाऱ्याने हळूहळू श्वास घेत असल्यासारखं दिसत होतं. मी आणि हूडी फाटकाशी बोलत उभे होतो. तिला चकवा लागला. लागतो तेव्हा कळतं आता. चालण्यात घाई नसते, पाण्यातून चालावं तशी चालते. मग थांबली. कोट काढला, उलटा केला, घातला. इकडे तिकडे बघितलं. पुन्हा काढला, पुन्हा उलटा केला. मी सात वेळा मोजलं. सातव्या वेळी तिने तो हातात धरून नुसता फिरवून फिरवून पाहिला, आणि शेताच्या मधोमध गवतात बसली.

मी धावलो. तिने कोट माझ्या पुढे धरला. “ह्याला आतली बाजूच नाही रे,” म्हणाली. “मग मी उलटू काय?”

हूडी मागून आला. त्याने अंगातलं जाकीट काढलं, ते त्याचं बत्तीस वर्षांचं जाकीट, अस्तर फाटलेलं, तंबाखूने भरलेलं. ते उलटं केलं आणि तिच्या खांद्यावर टाकलं. ती उठली, आणि आमच्या दोघांच्या पुढे चालत जाऊन फाटक उघडलं. उघडून आमच्यासाठी धरून ठेवलं.

येताना हूडी म्हणाला, “पोरीने कोट फार चांगला केला, मास्तर. जरा वाईट करायला सांग.”

दिव्याला उंबरा लागतो, ब्रोना. तू उंबराच काढून टाकलास. दोष तुझा नाही. मी चार दिवस तो कोट पाहत होतो आणि मलाही कळलं नाही.

कोट सोबत पाठवतो आहे.

मामा


डब्लिन
३ मे

मामा,

पार्सल उघडलं तेव्हा डाव्या खिशात गवताची काडी होती.

मी लोकांच्या नजरेसाठी शिवला. तिच्यासाठी नाही.

प्रदर्शनाला दोन आठवडे आहेत. तिला विचार, आतली बाजू कशी हवी. मला न्याय नको, दाखले नको. तिचे शब्द पाठव.

ब्रोना


क्लूनवारा
७ मे

चि. ब्रोना,

तिचे शब्द:

“तिला सांग, रेशीम नको. सुबक नको. बाहेरून कोट दिसावा आणि आतून तो शिवणारं माणूस. टाके दिसू देत. उसवलेलं, पुन्हा शिवलेलं, चुकलेलं, सगळं राहू दे. घरात पसारा असतो, म्हणून तर घर ओळखू येतं. मला उलटा केल्यावर एका नजरेत कळलं पाहिजे की मी आत आहे.”

मग म्हणाली, “आणि मी चिडले नव्हते म्हणावं. नुसती बसले होते.”

दाखला देत नाही.

मामा


डब्लिन
२० मे

मामा,

झालं प्रदर्शन.

कोट पूर्ण उसवला. एका बाजूची सफाई तशीच ठेवली. दुसऱ्या बाजूला आमच्या महाविद्यालयातल्या उरल्यासुरल्या तुकड्यांचं अस्तर लावलं, टाके लाल लोकरीचे, बोटभर लांब. जिथे माझी कात्री चुकली होती तिथे खडूची खूणही पुसली नाही. बाईंनी पाहिलं आणि म्हणाल्या, “हा अर्धवट आहे. मांडू नकोस.” मी म्हटलं, “मांडणार.” पहिला नंबर पिसांच्या शालीला मिळाला. ती मीच केली होती, म्हणून तक्रार करता येत नाही.

कोटाला टाळ्या पडल्या नाहीत. लोकांना वाटलं, कोट घालून दाखवणाऱ्या मुलीने घाईत उलटा घातलाय. सगळे गेल्यावर मेयोकडची एक म्हातारी मागे राहिली. तिने त्या लाल टाक्यांवरून बोट फिरवलं आणि विचारलं, “चकवा कुणाला लागलाय?”

“आईला.”

“हं,” म्हणाली. “माझ्या धन्याला लागला होता.” आणि कॉलर नीट करून गेली.

शुक्रवारी कोट घेऊन येतेय. पूर्ण उन्हाळाभर राहणार. आईला सांग, मी बघत बसणार नाही. गाय धुवीन.

ब्रोना


क्लूनवारा
१३ फेब्रुवारी १९८५

चि. ब्रोना,

उन्हाळा तू इथेच होतीस आणि शरदात तुला नोकरी लागली, त्यामुळे माझी लेखणी गंजली होती. नाताळात तू आलीस तेव्हा तिने तुला दोनदा नूला म्हणून हाक मारली, स्वतःच्याच नावाने. तेव्हा आपण दोघे हसलो होतो. तीही हसली होती.

काल सकाळी दहिवर गोठलं होतं, शेत पांढरं. ती गाईकडे गेली. मी खिडकीत उभा. चकवा लागला, ती थांबली, तुझा कोट उलटा केला. ते लाल टाके एवढ्या लांबून दिसतात. आणि ती सरळ आली. फाटक, अंगण, दार, स्वयंपाकघर, कुठे अडली नाही. तू कोट नव्याने शिवून आणल्यापासून एकदाही अडलेली नाही. हे तुला कळवायला हवं.

मग चुलीजवळ बसली, कोट तसाच उलटा अंगात. बाहीवरचा टाका बोटाने चाचपत राहिली.

“हा कुणी शिवला रे, कॉनल?”

“ब्रोनाने.”

“कोण ब्रोना?”

“तुझी मुलगी.”

माझी थट्टा आहे असं समजून ती हसली. “मला कुठे आहे मुलगी अजून? पण झाली कधी तर असा हात असावा तिचा.”

मी चुलीत जळणासाठी वाळवलेल्या पीट-मातीची दोन ढेपळं सरकवली.

ती घरी पोचली आहे, ब्रोना. पण ज्या घरी पोचली तिथे तू अजून जन्मलेली नाहीस. हे तुला कसं लिहावं याचा विचार रात्रभर केला. थट्टेच्या आडून लिहिता आलं नाही, म्हणून पत्र आखूड.

मामा


डब्लिन
१६ फेब्रुवारी १९८५

मामा,

शनिवारच्या बसने येतेय. स्टॉपवर ये.

आईला मी कोण ते सांगू नकोस. सांगितलं तर ती आठवायला बघेल, आणि आठवलं नाही की तिला शरमल्यासारखं होईल. तिला म्हण, हा कोट जिने शिवला ती शिंपीण डब्लिनहून आली आहे, उन्हाळ्यासाठी दुसरा करायचा आहे, माप घ्यायला आली आहे.

माप मी सावकाश घेईन. छातीचं माप घेताना बाईने दोन्ही हात बाजूला उचलून धरायचे असतात. शिंपिणीने अगदी जवळ जाऊन टेप तिच्या पाठीमागून फिरवून पुढे आणायचा असतो, आणि आकडा वाचून होईपर्यंत तसंच उभं राहायचं असतं.

तू मधे बोलू नकोस. पहिल्यांदा आकडा चुकतो. मला तो पुन्हा घ्यावा लागेल.

ब्रोना